१२० गोळ्यांचा भाव

यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा कॅन्सर बराच पुढे गेलेला असला की सोराफेनिब देतात. सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन, पोट रिकामं असताना. २०० मिलिग्रॅमच्या महिन्याला १२० गोळ्या. जर्मनीच्या बायर कंपनीचं हे औषध भारतात नेक्साव्हार या नावाने यायचं आणि २०११ साली १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये पडायचे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला: हेच औषध हैदराबादच्या नॅटको कंपनीने बनवावं, आणि १२० गोळ्यांना ८,८०० रुपयांहून जास्त घेऊ नयेत. एका गोळीला २,३३७ रुपयांच्या जागी ७३ रुपये.

मी मुंबईत फार्मसीच्या मुलांना शिकवते. तेच औषध एका देशात लाखाला आणि दुसऱ्यात हजाराला कसं, हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी हेच प्रकरण काढते. दोन्ही बाजूंचं म्हणणं इथे कागदावर आहे. शिवाय सगळं आपल्या शहरात घडलेलं आहे. पेटंटचा अर्ज मुंबई कार्यालयात आलेला, सुनावणी मुंबईत, आणि पुढची रिट याचिका फोर्टमधल्या उच्च न्यायालयात. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनावरून रोज हजारो लोक जातात. कॅन्सरच्या औषधाचा भाव तिथे बत्तीस पटींनी खाली आला होता, हे त्यातल्या फारच थोड्यांना माहीत असेल.

आधी थोडा कायदा

आपला १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाचा त्याला आधार होता. औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं नाही, तो बनवण्याच्या पद्धतीवर तेवढं द्यायचं, हे त्याचं मुख्य सूत्र. पद्धत वेगळी काढली की तेच औषध बनवायला मोकळीक. तारापूर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औषधांची कारखानदारी या कायद्याच्या सावलीत वाढली. मुंबईच्या सिप्लाने २००१ साली एचआयव्हीची तीन औषधं एका स्वयंसेवी संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली, तेव्हा मूळ कंपन्यांच्या औषधांचा श्रीमंत देशांतला खर्च १०,००० डॉलरच्या वर होता. ते शक्य झालं ते याच कायद्यामुळे.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवरही पेटंट देणं भाग पडलं. पण संसदेने काही दारं उघडी ठेवली. त्यातलं एक म्हणजे कलम ८४, सक्तीचा परवाना. पेटंट मिळून तीन वर्षं उलटली की कोणीही अर्ज करून सांगू शकतो की या औषधाची लोकांची रास्त गरज भागत नाही, किंवा ते परवडणाऱ्या भावात मिळत नाही, किंवा पेटंटचा वापर भारतात होतच नाही. तिन्हींपैकी एक सिद्ध झालं तरी पुरतं. पेटंट काढून घेतलं जात नाही. मालकाला रॉयल्टी देऊन दुसऱ्याला बनवू दिलं जातं.

मुंबईतली सुनावणी

बायरला भारतीय पेटंट मिळालं ३ मार्च २००८ रोजी. डिसेंबर २०१० मध्ये नॅटकोने कंपनीला पत्र लिहून परवाना मागितला. आपण महिन्याचं औषध १०,००० रुपयांच्या आत देऊ, असंही कळवलं. बायरने नकार दिला. तीन वर्षं पुरी होऊन गेल्यावर, २९ जुलै २०११ रोजी, नॅटकोने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. आधी मालकाकडे रीतसर मागणी करणं कायद्याने आवश्यक आहे, आणि पुढे दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज नेमका त्याच पायरीवर अडला. मुलांना मी हे पत्र मुद्दाम लक्षात ठेवायला सांगते.

निकाल दिला तो तेव्हाचे पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी. आदेशावर तारीख आहे ९ मार्च २०१२. तिन्ही कारणं त्यांनी नॅटकोच्या बाजूने धरली. बायरने स्वतः भरून दिलेल्या आकड्यांवरून त्यांनी काढलं की ज्यांना हे औषध लागतं त्यांच्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास रुग्णांपर्यंत ते पोचलं होतं.

बायरचा बचाव वाचण्यासारखा आहे, कारण तो आजही प्रत्येक महाग औषधाच्या बाजूने केला जातो. पहिला मुद्दा संशोधनाच्या खर्चाचा. एक रेणू यशस्वी होतो तेव्हा त्यामागे अनेक फसलेले असतात, त्यांचाही खर्च यातूनच निघायचा असतो, म्हणून ‘रास्त’ भाव ठरवताना कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. दुसरा मुद्दा रुग्ण-साहाय्य योजनेचा. ज्यांना परवडत नाही त्यांना आम्ही सवलतीत औषध देतो, तेव्हा औषध मिळतच नाही असं म्हणता येणार नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत रंजक वाटतो. सिप्लाने २०१० पासून, पेटंट असतानाही, आपलं सोराफेनिब बाजारात आणलं होतं, महिन्याला सुमारे २८ हजारांना. बायरने त्यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा ठोकला होता. आणि मुंबईत तीच बायर सांगत होती की सिप्लाचं औषध बाजारात आहे, त्यामुळे लोकांची गरज भागते आहे. म्हणजे दिल्लीत ज्या गोळ्या बंद करायच्या, त्याच मुंबईत आपल्या खात्यावर मोजायच्या. महानियंत्रकांनी हे मानलं नाही. गरज भागवण्याची जबाबदारी पेटंटच्या मालकाची आहे, आणि ज्याची विक्री उद्या न्यायालयाच्या हुकमाने थांबू शकते त्याच्या भरवशावर रुग्णाला सोडता येत नाही, असा त्याचा अर्थ.

रुग्ण-साहाय्य योजनेचं उत्तरही असंच सरळ होतं. सवलत देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. कायदा विचारतो ते लोकांना खुल्या बाजारात काय भाव पडतो हे, आणि तो भाव २,८०,४२८ रुपये होता.

परवान्याच्या अटी बऱ्याच कडक होत्या. नॅटकोने स्वतःच्याच कारखान्यात बनवायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. फक्त भारतात विकायचं. फक्त यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी. १२० गोळ्यांना जास्तीत जास्त ८,८०० रुपये. निव्वळ विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी दर तिमाहीला बायरला. वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना फुकट. मुदत पेटंट संपेपर्यंत.

आदेशातली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. ‘भारतात वापर’ याचा अर्थ महानियंत्रकांनी ‘भारतात उत्पादन’ असाच लावला. थोड्या प्रमाणात लागणाऱ्या औषधासाठी प्रत्येक देशात कारखाना घाला म्हणणं व्यवहारात बसत नाही. आज भारत जगाला औषधं पुरवतो, उद्या प्रत्येक देश हेच म्हणायला लागला तर आपलीच अडचण होईल. उच्च न्यायालयाने पुढे हा अर्थ सैल केला, ते बरं झालं.

मग २,८०,४२८ आले कुठून?

गिरगावात वडिलांचं केमिस्टचं दुकान असलेल्या एका मुलाने वर्गात विचारलं होतं, “मॅडम, नॅटकोला ८,८०० मध्ये रॉयल्टी देऊनही परवडतं, तर बायरला २० हजारांत सहज परवडलं असतं. जास्त लोकांनी घेतलं असतं, जास्त पैसा मिळाला असता. मग एवढा भाव लावून दोनच टक्के लोकांना का विकायचं?”

दुकानात वाढलेल्या मुलाचा प्रश्न होता, म्हणून फळ्यावर हिशोबच मांडला. २,८०,४२८ भागिले ८,८००, येतात जवळपास ३२. म्हणजे जुन्या भावात एका रुग्णाकडून जेवढी रक्कम येते, तेवढीच नव्या भावात यायला बत्तीस रुग्ण लागतात. आधी दोन टक्के रुग्ण घेत होते असं धरलं, तर तोच गल्ला भरायला चौसष्ट टक्के रुग्णांनी घ्यायला हवं. शिवाय बत्तीसपट गोळ्या बनवायच्या, आणायच्या, गावोगाव पोचवायच्या. जिथे यकृताचा कॅन्सर कळतोच उशिरा, कॅन्सरचा डॉक्टर मोठ्या शहरांतच मिळतो आणि औषधाचा खर्च बहुतेकांना खिशातून करावा लागतो, तिथे चौसष्ट टक्के रुग्णांपर्यंत औषध जाणारच नाही. मधला भाव लावला, २० हजारांचा, तरी चौदापट रुग्ण लागतात.

दुसऱ्या बाजूने पाहा. वर्षाचा खर्च साडेतेहतीस लाखांच्या वर. त्या वर्षी देशाचं दरडोई उत्पन्न साठ-पासष्ट हजारांच्या घरात होतं. म्हणजे सरासरी माणसाच्या पन्नास वर्षांहून जास्त कमाईएवढी किंमत. पण मुंबईत, दिल्लीत, बंगळुरूत असा एक छोटा वर्ग आहे ज्याची ऐपत न्यूयॉर्क-फ्रँकफर्टच्या माणसाएवढी आहे. एकट्या विक्रेत्याने सरासरी भारतीयाकडे बघून भाव लावण्यापेक्षा त्या वर्गाकडे बघून लावला तर त्याची कमाई अधिक होते. गरीब देशांत औषध स्वस्त असेल, असं आपण सहज धरून चालतो. ज्या गरीब देशात विषमता तीव्र आहे आणि विक्रेता एकच आहे, तिथे तसं होत नाही. मला या प्रकरणातून शिकलेली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि तिच्यासाठी कंपनीला दुष्ट ठरवायची गरज पडत नाही. कायद्याने दिलेल्या मक्तेदारीत कोणताही हिशेबी धंदेवाईक हेच करेल.

आणखी एक कारण देशाबाहेरचं. युरोपातले अनेक देश आपला भाव ठरवताना शेजारच्या देशांचे भाव समोर ठेवतात. भारत त्या यादीत सहसा नसतो. तरी ‘भारतात एवढ्याला देता, मग आम्हाला का नाही’ हा सवाल कोणत्याही संसदेत उठू शकतो. म्हणून कंपन्या उघड छापील भाव खाली आणायला नाखूश असतात आणि सवलत दिलीच तर खाजगीत, योजनेच्या नावाखाली देतात. बायरची रुग्ण-साहाय्य योजना याच जातीची.

बायरचे तेव्हाचे प्रमुख मारिन डेकर्स २०१३ च्या अखेरीस एका परिषदेत म्हणाले की हे औषध आम्ही भारतीय बाजारासाठी बनवलं नव्हतं, ज्यांना परवडतं त्या पाश्चात्त्य रुग्णांसाठी बनवलं होतं. त्यावर जगभर संताप झाला आणि नंतर त्यांना खुलासा करावा लागला. बोलणं क्रूर होतं. पण फळ्यावरच्या हिशोबातून जे निघतं तेच ते होतं.

लंडन आणि वॉशिंग्टन

आता तीच गोळी इंग्लंडमध्ये. तिथे रुग्ण केमिस्टच्या काउंटरवर पैसे मोजत नाही, सगळ्या देशासाठी एकच आरोग्य सेवा औषध घेते. नवं औषध घ्यावं की नाही हे नाइस ही संस्था सुचवते, आणि ती पाहते की एवढ्या पैशात रुग्णाला किती आयुष्य मिळतं. सोराफेनिबच्या मुख्य चाचणीत यकृताच्या कॅन्सरचे रुग्ण हे औषध घेऊन १०.७ महिने जगले (मध्यक, म्हणजे निम्मे याहून कमी, निम्मे जास्त), न घेता ७.९ महिने. म्हणजे पावणेतीन महिने. बायरने दर चौथा पॅक फुकट देण्याची तयारी दाखवली, तरी मे २०१० मध्ये नाइसने नकार दिला. पुढे कॅन्सरच्या औषधांसाठी वेगळा निधी उभा राहिला, त्यातून काही रुग्णांना ते मिळायला लागलं. अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने गोपनीय सवलत दिल्यावर नाइसने होकार दिला. मधली सात वर्षं यकृताच्या कॅन्सरच्या इंग्लिश रुग्णांना या औषधाची नेहमीची वाट बंद होती. नकाराची किंमत रुग्णाने मोजली, हे लपवायचं कारण नाही. आणि ‘गोपनीय सवलत’ हे शब्दही लक्षात ठेवायचे, कारण त्यामुळे देशोदेशींचे छापील भाव शेजारी ठेवून केलेली तुलना नेहमीच अर्धी राहते.

अमेरिकेत उलटं. वृद्धांसाठीची मेडिकेअर ही तिथली सर्वांत मोठी खरेदीदार, पण औषधांसाठी तिची योजना ज्या २००३ च्या कायद्याने आली, त्याच कायद्याने सरकारला कंपन्यांशी भाव करायला मनाई केली. त्यात कॅन्सरची औषधं अशा गटात मोडतात की विमा योजनांना ती जवळजवळ सगळीच यादीत ठेवावी लागतात. ज्याला घ्यावंच लागतं आणि घासाघीसही करता येत नाही, अशा गिऱ्हाइकाला काय भाव पडेल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. भाजीवालीही सांगेल.

ही मनाई २०२२ च्या कायद्याने थोडी उठली. पहिली दहा औषधं निवडली गेली आणि ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधुमेहाच्या जानुव्हियाचा महिन्याचा छापील भाव ५२७ डॉलर होता, तो मेडिकेअरसाठी ११३ झाला. गोळी तीच, कारखाना तोच. फक्त पलीकडच्याला भाव करण्याचा हक्क मिळाला.

‘अमेरिकेत औषधं महाग’ हेही अर्धंच खरं. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२२ चे भाव तपासले तेव्हा ब्रँडची औषधं तिथे इतर विकसित देशांच्या चौपटीहून महाग निघाली, आणि जेनेरिक औषधं इतरांच्या दोन-तृतीयांश भावात. तिथे लिहिल्या जाणाऱ्या दहापैकी नऊ औषधं जेनेरिक असतात. त्यातली कित्येक सन, लुपिन, सिप्ला, ग्लेनमार्क यांची, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांची. जिथे पाच-सहा विक्रेते उभे राहतात तिथे त्याच महागड्या देशात गोळी स्वस्त होते.

भाव ठरतो तो समोर ‘नाही’ म्हणू शकणारं कोण आहे, यावर. इंग्लंडमध्ये नाइस होती. अमेरिकेत कायद्याने तोंड बांधलेलं सरकार होतं. भारतात समोर होता एकटा रुग्ण, आणि त्याचं ‘नाही’ म्हणजे औषधाविना घरी जाणं. मुंबईच्या आदेशाने केलं ते एवढंच की काउंटरच्या पलीकडे दुसरा विक्रेता आणून उभा केला.

उच्च न्यायालयात

बायर अपिलात गेली. अपील मंडळाने ४ मार्च २०१३ रोजी परवाना कायम ठेवला, रॉयल्टी तेवढी सहावरून सात टक्के केली. मग रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा आणि न्यायमूर्ती एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठाने १५ जुलै २०१४ रोजी ती फेटाळली.

या निकालातल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली, गरज ‘पुरेशी’ भागली का, हे वस्तूगणिक बदलतं. चैनीच्या वस्तूचा पुरवठा थोडा कमी पडला तर चालेल, पण औषधाच्या बाबतीत पुरेसं म्हणजे ज्याला लागतं त्या प्रत्येकाला मिळालं पाहिजे. दुसरी, उत्पादन भारतातच व्हावं असा सरसकट नियम न्यायालयाने लावला नाही. आयात चालेल, पण इथे का बनवता येत नाही हे मालकाने पटवून द्यायला हवं, आणि ते बायरने केलं नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

आदेशाने काय झालं, काय राहिलं

नॅटकोचा परवाना निघाल्यावर दोनच महिन्यांत, मे २०१२ मध्ये, सिप्लाने आपला भाव ६,८४० रुपयांवर आणला. सरकारने ठरवून दिलेल्या कमाल भावापेक्षाही खाली. तिथे कोणाचा हुकूम नव्हता, स्पर्धा होती. इतर कंपन्यांनीही इशारा ओळखला असं मला वाटतं. रोशने स्तनाच्या कॅन्सरच्या हर्सेप्टिनचं भारतीय पेटंट २०१३ मध्ये सोडून दिलं. हेपॅटायटिस-सीच्या सोफोस्बुव्हिरची एक गोळी अमेरिकेत १,००० डॉलरला विकणाऱ्या गिलियडने २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना आपणहून परवाने दिले. याला मुंबईचा आदेश हेच एक कारण होतं असा माझा दावा नाही. पण तो आदेश प्रत्येक वाटाघाटीत न बोलता हजर असणार.

मात्र तसा दुसरा परवाना निघाला नाही. मुंबईच्याच बीडीआर कंपनीने रक्ताच्या कॅन्सरच्या डासाटिनिबसाठी अर्ज केला, तो ऑक्टोबर २०१३ मध्ये फेटाळला गेला. मूळ कंपनीकडे स्वेच्छेने परवाना मिळवण्याचे पुरेसे प्रयत्न केले नाहीत, हे कारण. मधुमेहाच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्माचा अर्ज २०१६ मध्ये नाकारला गेला. याच काळात अमेरिकेचं व्यापार खातं दर वर्षीच्या आपल्या अहवालात भारताला यावरून बोल लावत होतं.

आणि ८,८०० रुपये तरी कोणाला परवडत होते? माझी एक विद्यार्थिनी परळला टाटा हॉस्पिटलजवळच्या एका केमिस्टकडे प्रशिक्षणाला होती. सांगलीकडचे एक गृहस्थ बायकोच्या औषधाची चिठ्ठी घेऊन आले, दादरच्या धर्मशाळेत उतरलेले. भाव ऐकून त्यांनी चिठ्ठी परत मागितली, घडी घालून खिशात ठेवली, पुन्हा काढली.

“ताई, पंधरा दिवसांच्याच द्या. चारच्या जागी दोन घेतल्या तर महिना निघेल ना?”

“काका, असं नाही चालत. डोस मी कमी करू शकत नाही. आधी डॉक्टरांना भेटून या, तिथल्या समाजसेवा विभागातही विचारा. मदत मिळते.”

ते गेले, परत आले की नाही तिला कळलं नाही. वर्गात हे सांगताना ती मध्येच थांबली. भाव बत्तीस पटींनी उतरल्यानंतरची ही गोष्ट आहे. महिना दहा-बारा हजारांवर घर चालवणाऱ्याला ७३ रुपयांची गोळीही दिवसाला चार परवडत नाही. कलम ८४ ने दुसरा विक्रेता येतो, पैसे भरणारा येत नाही.

संशोधनाच्या खर्चाचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. जगातल्या प्रत्येक देशाने ८,८०० रुपयेच दिले असते तर ती चाचणी कोणी केली असती, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण ज्या देशात कंपनी दोन टक्के रुग्णांना विकत होती, तिथे उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडून संशोधनासाठी तिला एक रुपयाही मिळत नव्हता. त्यांना नॅटकोची गोळी मिळाली तर बायरचा तोटा काहीच नव्हता, उलट सहा-सात टक्के रॉयल्टी आली. खरा तोटा होता तो त्या दोन टक्क्यांतली गिऱ्हाइकं हातची जाण्याचा.

सोराफेनिबचं भारतीय पेटंट जानेवारी २०२० मध्ये संपलं. आज तो प्रश्न उरला नाही, पण त्याच जातीचे नवे उभे आहेत. स्नायूंच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं रिस्डिप्लाम भारतात बाटलीमागे सुमारे सहा लाखांना होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रोशला मनाई हुकूम नाकारल्यावर नॅटकोनेच ते १५,९०० रुपयांना आणलं, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही रोशला नकारच दिला. तिथे परवाना नव्हता, पेटंटच्या वैधतेवरचा वाद होता. म्हणजे प्रत्येक औषधासाठी कुणा एका कंपनीने वर्षानुवर्षं खटला लढवायचा, आणि तोवर रुग्णाने वाट बघायची.

दुसरा रस्ता परळमध्येच सापडतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधांचा सौदा केला, तेव्हा खर्चात सरासरी ८२ टक्के बचत झाली. कायदा बदलला नव्हता, पेटंट तोडलं नव्हतं. ज्या रुग्णालयांनी एकेकटं जाऊन भाव विचारला असता ती एकत्र गेली.

पेटंटमधल्या औषधात विक्रेता एकच असतो, त्यामुळे तिथे असा सौदा जास्त अवघड. पण तिथेच तो जास्त गरजेचा आहे. पेटंट असलेल्या औषधांचे भाव वाटाघाटीने कसे ठरवावेत यावर केंद्राच्या एका समितीने फेब्रुवारी २०१३ मध्ये अहवाल दिला होता. इतर देशांतला भाव घ्यावा आणि दरडोई उत्पन्नाच्या प्रमाणात उतरवावा, अशी त्यातली सूचना. ती अमलात आली नाही. आज केंद्रीय कर्मचाऱ्यांची योजना वेगळी खरेदी करते, रेल्वे वेगळी, कर्मचारी राज्य विमा महामंडळ वेगळी, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी. या सगळ्यांनी कॅन्सरच्या पेटंटमधल्या औषधांसाठी एकच खरेदीदार म्हणून कंपन्यांसमोर बसावं, आणि भाव जमला नाही तर कलम ८४ चा अर्ज तयार आहे हे आधीच सांगावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुंबईचा आदेश आणि उच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही हाताशी आहेत.